पाकिटावरच्या क्रमांकापासून पहिल्या फोनपर्यंत : नाशिकच्या अंबडमधील एक प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात धूम्रपान सोडण्यास मदत करणाऱ्या दूरध्वनी सेवेचा प्रचार करण्यात आला. सुरुवातीला त्याचा काहीच उपयोग झाल्याचे दिसले नाही. पुढे प्रचाराची रीत बदलली आणि निदान एका कामगाराच्या बाबतीत तरी फोन लागला, बोलणे झाले आणि सिगारेट सुटली. या कारखान्याच्या सुरक्षा समितीला आरोग्यविषयक सल्ला देण्याचे काम माझ्याकडे असल्याने हा सगळा क्रम मला जवळून पाहता आला. संबंधित कामगाराच्या संमतीने तो येथे मांडत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील गाळले आहेत.

ज्या सेवेबद्दल हे प्रकरण आहे, ती राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन ३० मे २०१६ रोजी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक आहे. मंगळवार ते रविवार सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत प्रशिक्षित समुपदेशक फोनवर बोलतात. सोमवारी ते नसतात. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीपुरती असलेली ही सेवा २०१८ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बंगळूरची मानसिक आरोग्य संस्था निम्हान्स आणि गुवाहाटीची डॉ. भुवनेश्वर बोरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट या तीन केंद्रांची जोड मिळाल्याने प्रादेशिक भाषांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून सिगारेट, विडी आणि तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावरील सचित्र इशाऱ्यात हा क्रमांक छापणे बंधनकारक झाले. हा इशारा पाकिटाच्या मुख्य दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापतो. पाकिटावर क्रमांक छापल्यानंतर या सेवेकडे येणाऱ्या फोनची संख्या कितीतरी वाढली, हे खरे आहे. तरीही खिशात रोज तो क्रमांक बाळगणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तो फिरवतात, आणि अंबडच्या या कारखान्यात आम्हाला नेमका याच अंतराचा सामना करावा लागला.

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन जवळ आला, तेव्हा व्यवस्थापनाने टाइम ऑफिसच्या भिंतीवर, हजेरीच्या यंत्राशेजारी, एक मोठा रंगीत फलक लावला. फुप्फुसांचे काळे पडलेले चित्र, खाली ठळक अक्षरांत क्विटलाइनचा क्रमांक आणि त्याखाली कारखान्याचे बोधचिन्ह असे त्याचे स्वरूप होते. कॅन्टीनमध्ये एक छोटे भाषण झाले, शपथ घेतली गेली, छायाचित्रे काढली गेली. पुढचे काही आठवडे मी चहाच्या सुट्टीत आणि पाळी सुटताना निरनिराळ्या कामगारांशी बोलत राहिलो. क्रमांक पाहिला का, असे विचारले की जवळजवळ प्रत्येक जण होकार देई. फोन केला का, असे विचारले की मात्र हसून विषय बदलला जाई.

कामगारांना धूम्रपान सोडायचे नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आपण सोडण्याचा बेत किंवा विचार करत असल्याचे सांगितले होते. अंबडमध्येही चित्र वेगळे नव्हते. गाभाऱ्यात जाताना खिशातली काडेपेटी बाहेर ठेवणारे, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर पाकीट लपवू लागलेले, दम लागतो म्हणून जिना टाळणारे असे अनेक जण होते. इच्छा होती आणि क्रमांकही होता. मग अडत कोठे होते, हे शोधणे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे काम ठरले आणि त्याला वेळही सर्वांत जास्त लागला.

सर्वांत मोठा अडसर फलकाच्या जागेत होता. जेथे उशिराची नोंद होते, जेथे रजा कापली जाते आणि जेथे मेमो हातात पडतो, त्या भिंतीवर कंपनीच्या बोधचिन्हासह लावलेला क्रमांक कामगारांना कंपनीचाच वाटला. फोन केला की आपले नाव पर्सोनेल खात्याकडे जाईल, अशी अनेकांची समजूत होती. कंत्राटी कामगारांमध्ये ही भीती अधिक होती, कारण त्यांचे काम महिन्यागणिक नव्याने मिळायचे असते. आवारात विडी-सिगारेट ओढण्यास बंदी होती आणि पकडले गेल्यास दंड होता. त्यामुळे ‘मी ओढतो’ असे कोणत्याही क्रमांकावर सांगणे म्हणजे आपणहून कबुली देणे, असा त्यांचा हिशेब होता. तो त्यांच्या जागी चुकीचा नव्हता. ही सेवा केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची आहे, मालकाचा तिच्याशी काहीही संबंध नाही, ही साधी गोष्ट फलकावर कोठेही लिहिलेली नव्हती.

दुसरी अडचण त्या संभाषणाविषयीच्या अज्ञानाची होती आणि माझ्या मते प्रचाराच्या दृष्टीने तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. १८०० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे सिगारेट कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र किंवा तक्रार नोंदवण्याची जागा, असे काहींना वाटे. एकाने तर पाकिटात सिगारेट कमी निघाल्यास तेथे सांगायचे असावे, असा अंदाज व्यक्त केला. ज्यांना ही मदतीची सेवा असल्याचे माहीत होते, त्यांना पलीकडून काय बोलले जाईल याची कल्पना नव्हती. ‘सोड म्हणणार, दुसरं काय म्हणणार? ते तर घरची रोजच म्हणते,’ हे वाक्य मला निरनिराळ्या तोंडून ऐकू आले. उपदेश ऐकण्यासाठी स्वतःहून फोन कोण करेल? फलकावर क्रमांक होता, रोगाचे चित्र होते, परंतु फोन उचलल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत काय घडते याचा एक शब्दही नव्हता.

भाषेची, पैशांची आणि वेळेची शंका यांच्या जोडीला होती. पलीकडचा माणूस हिंदी किंवा इंग्रजी बोलेल, फोनचे पैसे पडतील, फोन सुरू असताना सुपरवायझर पाहील, अशा या शंका होत्या. यंत्रावर काम करताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, चहाची सुट्टी दहा मिनिटांची असते आणि तेवढ्यात टपरीपर्यंत जाऊन परत यायचे असते. त्यातच अनेक जण पाकीट विकत घेतच नाहीत. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यास बंदी घातली. परंतु वसाहतीच्या वळणावरच्या टपऱ्यांवर आजही एकेक सिगारेट हातात मिळते आणि ती दोरीला लटकलेल्या लायटरवर तेथेच पेटवली जाते. पाकीट टपरीवाल्याजवळ राहते आणि त्यावरचा क्रमांकही. पाकिटावरील छपाई हा एरवी अत्यंत प्रभावी मार्ग असला, तरी सुटी सिगारेट घेणाऱ्या आणि बहुधा सर्वांत कमी मिळकत असलेल्या माणसाला तो वगळून जातो.

आता त्या कामगाराविषयी. चाळिशी ओलांडलेले हे गृहस्थ सिन्नर तालुक्यातील एका गावातून रोज दुचाकीने अंबडला येतात. सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र असल्याने त्यांच्या लहानपणी घरोघरी बायका विड्या वळत असत. त्यांची आईही त्यांपैकी एक होती. वळलेली विडी घरातच असल्याने ती पहिल्यांदा कधी ओठांत आली हे त्यांना आठवत नाही. कारखान्यात लागल्यावर विडीची सिगारेट झाली. घर वारकरी परंपरेतले आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नाशिक आणि सिन्नरमार्गे पंढरपूरकडे जाते, तेव्हा जमेल त्या वर्षी ते काही मजल तिच्यासोबत चालतात. वारीत असताना ते सिगारेटला हात लावत नसत आणि परत कामावर आल्यावर पहिल्याच चहाला पुन्हा सुरुवात होत असे. सोडण्याचे त्यांचे सगळे प्रयत्न कोणाच्याही मदतीविना झालेले होते. देशातील सोडू पाहणाऱ्या बहुसंख्य लोकांचेही हेच असते, हे वरील सर्वेक्षणातूनही दिसते.

फलक लागल्यानंतर त्यांनी एकदा फोन केला होता, हे मला फार नंतर कळले. तो दिवस सोमवार होता. ध्वनिमुद्रित आवाज ऐकू आला, माणूस बोलला नाही, आणि ‘हेही सरकारी कामच निघाले’ असे म्हणत त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला. एखाद्याने बऱ्याच दिवसांच्या विचारानंतर धीर एकवटून केलेला पहिला फोन वाया जाणे, ही माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे. तशी उभारी पुन्हा कधी येईल याची खात्री नसते. सोमवारी समुपदेशक नसतात, एवढी एक ओळ फलकावर असती तर हे टळले असते.

चौकशीतून निघालेल्या या गोष्टी सुरक्षा समितीपुढे ठेवल्यावर काही बदल झाले. टाइम ऑफिसजवळचा फलक काढण्यात आला. त्याऐवजी हात धुण्याच्या जागी, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि दुचाकी लावण्याच्या शेडमध्ये, जेथे माणूस काही क्षण एकटा असतो आणि मोबाइल हातात असतो, तेथे छोट्या पट्ट्या चिकटवण्यात आल्या. त्यांवर कंपनीचे बोधचिन्ह नव्हते. क्रमांकाखाली साध्या मराठीत आणि हिंदीत एवढेच लिहिले होते की ही केंद्र सरकारची सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, कंपनीला काही कळत नाही, मराठीतून बोलता येते, मंगळवार ते रविवार सकाळी ८ ते रात्री ८ माणूस बोलतो आणि तंबाखू मळणाऱ्यांनीही फोन करावा. ही शेवटची ओळ आवश्यक होती. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. सिगारेट सोडून तंबाखूचा बार भरायला लागणे ही आपल्याकडची नेहमीची पळवाट आहे. सेवा फक्त सिगारेटवाल्यांसाठी असल्याचा समज राहिला, तर त्या माणसाला वाटेतच सोडून दिल्यासारखे होते.

पाळी सुरू होण्यापूर्वीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये एकदा सुरक्षेच्या नेहमीच्या सूचनांऐवजी या फोनविषयी बोलायचे ठरले. भाषण मी करू नये, असा माझाच आग्रह होता. कामगार ज्यांना ‘नाना’ म्हणतात त्या जुन्या फोरमननी ते काम केले. त्यांनी स्वतः पूर्वी सिगारेट सोडलेली होती. त्यांनी आजाराचा विषय काढलाच नाही. पलीकडून काय विचारतात, ते त्यांनी एका तरुण कामगाराला समोर बसवून करून दाखवले: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते, दिवसाला किती होतात, कोणत्या वेळी सर्वांत जास्त आठवण येते, पूर्वी कधी सोडली होती का, तेव्हा काय झाले. प्रश्न ऐकताना कामगार आपापली उत्तरे मोठ्याने देऊ लागले. ‘नाना, पहिली तर चहाच्या आधीच!’ असे कोणी म्हणाले आणि हशा पिकला. त्या दहा मिनिटांत तो फोन अनोळखी राहिला नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने सिगारेट सोडलेल्या माणसांनाच जाहिरातींत बोलते केले, तेव्हा मोहिमेच्या काळात तेथील क्विटलाइनकडे येणारे फोन दुपटीहून अधिक झाले होते. अंबडची तुलना त्या मोहिमेशी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु सोडलेला माणूस बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याचा विश्वास वेगळा असतो, हे दोन्हीकडे दिसले.

सिन्नरच्या कामगाराने दुसरा फोन दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, सकाळी घरून केला. कारखान्यातून फोन करण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि ते योग्यच होते. समुपदेशक बाईंनी त्यांना ‘दादा’ म्हणून मराठीत विचारपूस केली. उपदेश येणार या अपेक्षेने ते सावरून बसले होते. प्रत्यक्षात बोलणे त्यांनाच जास्त करावे लागले. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते, यावरून अवलंबित्व किती आहे याचा अंदाज घेतला गेला. पुढे वारीचा विषय निघाला. वारीत इतके दिवस कसे राहता, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांना आजवर हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. घरचे ‘वारीत जमते, मग एरवी का जमत नाही’ असेच म्हणत आले होते. विचार करून त्यांनी सांगितले की तेथे पहाटे उठल्याबरोबर चालणे सुरू होते, सोबतचे कोणी ओढत नाहीत, हातात टाळ असतो आणि चहा सर्वांबरोबर होतो. मग यांपैकी घरी आणि कामावर काय आणता येईल, यावर दोघांचे बोलणे झाले. सकाळचा पहिला चहा ओट्यावर एकट्याने न घेता घरात सर्वांबरोबर घ्यायचा, कामावरच्या सुट्टीत टपरीऐवजी कॅन्टीनमध्ये बसायचे, असे त्यातून ठरले. सोडण्याचा दिवस म्हणून त्यांनी स्वतः येणारी एकादशी निवडली.

तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, त्या मिनिटांत पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावेत, हाताला काही काम द्यावे; पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, झोप बिघडते, भूक वाढते आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हे कमी होत जाते, असे त्यांना आधीच सांगण्यात आले. गरज वाटल्यास निकोटिनच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलण्याची सूचनाही मिळाली. आधी सांगितल्याचा फायदा असा झाला की तिसऱ्या दिवशी डोके भणभणू लागले तेव्हा ते घाबरले नाहीत. ‘बाईंनी म्हटले होते तसेच होते आहे’ असे त्यांनी पत्नीला सांगितले.

एक अडचण मात्र कोणाच्याही लक्षात आली नव्हती. क्विटलाइनचे काम पहिल्या फोनवर संपत नाही. समुपदेशक नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात आणि सेवेचे खरे बळ त्यात आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात असे दिसले की स्वतःहून हेल्पलाइनकडे आलेल्यांना पुढेही पाठपुराव्याचे फोन केले, तर सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत जाते. हा फरक छोटा वाटेल, पण अत्यल्प खर्चात हजारो माणसांपर्यंत पोहोचणाऱ्या सेवेसाठी तो मोलाचा आहे. आमच्याकडे झाले असे, की पाठपुराव्याचा फोन अनोळखी क्रमांकावरून आला आणि त्यांनी तो कापला. कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डच्या फोननी सगळेच वैतागलेले असतात. शिवाय सायबर फसवणुकीच्या बातम्यांमुळे अनोळखी क्रमांक उचलू नका, असे त्यांच्या मुलीने त्यांना बजावलेले होते. मुलीचे काही चुकले नव्हते. त्यांनी पुन्हा निःशुल्क क्रमांकावर फोन केला, पुढच्या फोनचा वार आणि साधारण वेळ ठरवून घेतली आणि त्या वेळी मोबाइल जवळ ठेवला. त्यानंतर आमच्या पट्ट्यांवर आणखी एक ओळ वाढली: पुन्हा फोन येईल, वेळ ठरवून घ्या आणि उचला, ते पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीही विचारणार नाहीत.

मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, मित्रांच्या आग्रहाने त्यांनी दोन सिगारेटी ओढल्या. पूर्वी अशा प्रसंगानंतर ‘आता सुटलीच नाही तर काय’ म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट घेतले जाई. या वेळी ठरलेला फोन दोन दिवसांवर होता. त्यांनी खरे सांगितले, समुपदेशक बाईंनी दोष दिला नाही, आणि पुढच्या लग्नात मांडवाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे इथपर्यंत बोलणे झाले. हे लिहीत असताना त्यांना सिगारेट सोडून काही महिने झाले आहेत आणि त्यांनी तंबाखूही सुरू केलेली नाही. पुढे काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. वर्षभर टिकल्याखेरीज निश्चित काही म्हणू नये, असे माझे मत आहे.

कारखान्यातील आणखी किती जणांनी फोन केला, याची नोंद समितीने ठेवलेली नाही आणि ती ठेवू नये, असा ठराव माझ्या सूचनेवरून झाला. प्रचाराचे यश मोजण्याचा मोह व्यवस्थापनाला होणे स्वाभाविक आहे, परंतु कोणी फोन केला हे विचारायला सुरुवात झाली की पट्टीवरचे ‘कंपनीला काही कळत नाही’ हे वाक्य खोटे ठरते आणि मिळवलेला विश्वास एका दिवसात जातो. मोजायचेच असेल तर पट्टीवरचा मजकूर किती जणांना समजला, वेळ आणि वार किती जणांना सांगता येतो, एवढे मोजावे.

काही प्रश्न अजून शिल्लक आहेत. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी पोहोचून झोपतो आणि उठेपर्यंत संध्याकाळ होते. त्याला सर्वांत तीव्र तलफ येते ती रात्री दोन-तीनच्या सुमारास, तेव्हा फोनवर माणूस नसतो. कंत्राटी कामगारांपैकी अनेक जण उत्तर प्रदेश आणि बिहारचे आहेत आणि एका खोलीत सहा-सात जण राहतात. त्यांना एकांतात बोलायला जागाच नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत प्रथमोपचार खोली दुपारी तासभर फोनसाठी मोकळी ठेवण्याचा, त्या वेळी तेथे परिचारिकेनेही न थांबण्याचा आणि रात्रपाळीत असलेल्यांना पाळी बदलण्याच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच पहिला फोन करण्याचे सुचवण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. वसाहतीच्या वळणावरच्या टपरीवाल्याशीही बोलणे सुरू आहे. सुटी सिगारेट विकणे कायद्याने बंद आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि लायटरच्या दोरीशेजारी क्रमांकाची पट्टी चिकटवायला त्याने अजून होकार दिलेला नाही.